हळू आवाजाची पेटी

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि त्यानंतर किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा घाट चढून वर गेल्या. एक नाशकात नारोशंकराच्या देवळावर टांगली गेली, एक वाईजवळ मेणवलीला, एक भीमाशंकरला. वसईत वाढणाऱ्या मुलांना ही गोष्ट विजयाची म्हणून सांगितली जाते, किंवा गमावल्याची म्हणून. कोणत्या घरात वाढलात त्यावर ते ठरतं. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. आवाजाची वस्तू मूळ जागेवरून काढून दुसरीकडे बसवली तरी वाजते. पण ती आता कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणासाठी वाजते, हे बदलतं.

अशाच एका स्थलांतराबद्दल मला लिहायचं आहे. वस्तू घंटेपेक्षा खूप लहान आहे आणि स्वतः आवाजही करत नाही. ती दुसऱ्याचा आवाज मोठा करते. तिचं नाव माइक प्रीॲम्प. गेल्या शंभर वर्षांत ती टेलिफोन एक्स्चेंजमधून रेडिओत, रेडिओतून सिनेमाच्या स्टुडिओत, आणि तिथून विरारच्या वन-बीएचकेतल्या कपाटापर्यंत कशी आली, ते बघू.

व्होल्टचा पंचवीस हजारावा भाग

माइक आवाजाची वीज करतो, पण ती वीज नावालाच असते. प्रत्येक स्टेजवर दिसणारा साधा डायनॅमिक माइक घ्या आणि एक फुटावरून हळू बोला. तारेतून येतो तो व्होल्टचा साधारण पंचवीस हजारावा भाग. पुढच्या यंत्राला अर्धा-एक व्होल्ट हवा असतो. मधलं काम प्रीॲम्प करतो. साठ डेसिबल गेन म्हणजे व्होल्टेज हजार पट, सत्तर डेसिबल म्हणजे तीन हजार पटींहून जास्त.

अडचण अशी की तो आवाजाबरोबर खरखरही तितकीच मोठी करतो. काही खरखर तर निसर्गाचीच आहे. खोलीच्या तापमानाला कुठल्याही तारेतले इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाहीत. १५० ओहमच्या माइकमध्ये त्यांची ही चुळबुळ, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, मायक्रोव्होल्टच्या पाचव्या भागाएवढी भरते. याच्या खाली जगातला कुठलाच प्रीॲम्प जाऊ शकत नाही, मग त्याची किंमत काहीही असो.

म्हणून ठणठणीत आवाजाच्या माणसाला प्रीॲम्प कोणताही चालतो. जव्हारच्या अंगणात तारपा वाजला की तो मोबाइलवरही नीट येतो. चांगला प्रीॲम्प लागतो तो हळू बोलणाऱ्याला. त्याचा आवाज त्या खरखरीच्या जवळ असतो, आणि त्याला तिच्यातून वेगळा काढावा लागतो. किती हळू आवाज टिपता येतो आणि तो टिपायची सोय कोणाकडे आहे, हे दोन प्रश्न या यंत्राच्या इतिहासात शेवटपर्यंत बरोबर चालतात.

भोंग्यापासून रॅकपर्यंत

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा माइकही नव्हता आणि प्रीॲम्पही. गाणारा भोंग्यात तोंड घालून गायचा आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच पाडायची. गेन म्हणजे गायकाची छाती. ज्याच्या गळ्यात जोर नाही त्याची खाच उथळ.

अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं दोन्ही काळांतली आहेत. मिरजेला स्थायिक झालेल्या या गवयाचा आवाज बारीक, रेशमी, सुरात विरघळणारा. १९०५ च्या आसपासच्या भोंग्याच्या तबकड्यांत तो घाईत आणि ओरडल्यासारखा वाटतो. १९३० च्या दशकाच्या मध्यात ‘ओडियन’साठी केलेल्या मुद्रणांत, ‘पिया बिन नाही आवत चैन’मध्ये, तोच गवई श्वास सोडल्यासारखा स्वर लावतो आणि तो स्वर आपल्यापर्यंत पोचतो. मधल्या काळात वय आणि गाणं दोन्ही पिकलं हे खरंच. पण मधल्याच काळात माइक आणि ॲम्प्लिफायरही आले होते.

ते आले टेलिफोनमधून. लांबच्या तारेत आवाज वाटेत मरायचा, म्हणून वाटेवर जागोजागी व्हॅक्यूम ट्यूबचे ॲम्प्लिफायर बसवावे लागले. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को असा फोन लागला तो त्यांच्या जोरावर. सुरुवातीला हे ॲम्प्लिफायर फळ्यांवर, लाकडी खोक्यांत, जागा मिळेल तिथे ठेवलेले असायचे. संख्या वाढली तशी एक्स्चेंजमध्ये पाय ठेवायला जागा उरेना. मग १९२२ च्या सुमारास एटी अँड टी कंपनीने एक माप ठरवलं. लोखंडी चौकट, तिच्यावर स्क्रूने बसणाऱ्या १९ इंच रुंदीच्या पट्ट्या, आणि उंची पावणेदोन इंचांच्या पटीत. पावणेदोन इंच म्हणजे ‘एक यू’, ४४.४५ मिलिमीटर.

हे माप आजही तेच आहे. गणपतीत टेम्पोवर चढणाऱ्या डीजेच्या पेटीतले ॲम्प्लिफायर, तुमच्या ऑफिसातला नेटवर्क स्विच, तुम्ही आत्ता हे वाचताय ते पान जिथून आलं तो सर्व्हर, हे सगळे त्या १९ इंचांतच बसतात. मी दिवसभर ज्या सर्व्हरसाठी कोड लिहितो त्यांचं आणि घरी ठेवलेल्या प्रीॲम्पचं घर एकाच मापाचं आहे, हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती.

टेलिफोनवाल्यांनी आणखी एक गोष्ट दिली. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी बेल लॅब्जचा हॅरॉल्ड ब्लॅक हा इंजिनीअर हडसन नदीवरच्या फेरीतून कामाला चालला होता. ॲम्प्लिफायर आवाज मोठा करताना तो बिघडवतोही, यावर तो बरीच वर्षं डोकं खात होता. त्या सकाळी त्याला सुचलं की बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत सोडावा. चूक आपोआप वजा होईल. हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका कोऱ्या भागावर त्याने आकृती काढली. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात आणि आजच्या जवळपास प्रत्येक प्रीॲम्पमध्ये तो असतो. ८:०५ च्या विरार लोकलमध्ये ब्लॅकला पेन काढायलाही जागा मिळाली नसती, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

मुंबईतल्या भिंती

ब्लॅकच्या त्या सकाळीच्या दहाच दिवस आधी, २३ जुलै १९२७ ला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. आता मुंबईत माइक होता, ॲम्प्लिफायर होता, पण तो संस्थेच्या भिंतीत होता.

भिंतीबाहेर हे यंत्र नेण्याची मोठी गोष्ट ‘शिकागो रेडिओ’ या मुंबईतल्या कंपनीची आहे. नाव अमेरिकेचं, मालक सिंधी मोटवाने कुटुंब. गांधीजींचा आवाज मुळात क्षीण. हजारोंच्या सभेत तो मागच्या रांगांपर्यंत पोचत नसे. नानिक मोटवाने यांनी ते पाहिलं आणि काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवायला सुरुवात केली. गांधी-नेहरूंच्या जुन्या फोटोंत माइकवर ‘शिकागो’ अशी अक्षरं दिसतात ती त्यांचीच. एका हळू बोलणाऱ्या माणसाचं राजकारण देशभर पोचण्यात या पेट्यांचाही वाटा होता.

सरकारला ही ताकद कळत होती. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला धाड पडेपर्यंत ते यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत राहिले. खटल्यात नानिक मोटवाने यांनाही उभं केलं गेलं. ते सुटले, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. आवाजाची पेटी मोठ्या इमारतीतून बाहेर पडून साध्या घरात शिरली तर काय होऊ शकतं, याचं हे मुंबईतलं फार जुनं उदाहरण आहे.

स्वातंत्र्यानंतर पेटी पुन्हा भिंतींत गेली, आणि त्या भिंतींत जे झालं ते कमी नव्हतं. पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ‘गीतरामायण’ ऐकवलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, एकूण ५६ गाणी. सिनेमासाठी मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये मिनू कात्रक, मेहबूबमध्ये रॉबिन चटर्जी, परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई असे ध्वनिमुद्रक बसत. अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी वाजवत-गात, आणि माइक मोजके. आज आपण प्रत्येक वाद्याचा गेन वेगळा ठरवतो. तेव्हा बराचसा गेन अंतराने ठरायचा, म्हणजे माइकपासून कोण किती लांब उभं राहतं त्यावर.

‘महल’ (१९४९) मधलं ‘आयेगा आनेवाला’ आठवा. लांबून कोणीतरी गात जवळ येतंय असा परिणाम हवा होता. लताबाईंनी अनेकदा सांगितलंय की माइक खोलीच्या मध्यभागी होता आणि त्या कोपऱ्यातून सुरुवातीच्या ओळी गात हळूहळू त्याच्याकडे चालत आल्या. गेनची मूठ फिरवायच्या ऐवजी गायिकेने पावलं टाकली.

हे सगळं सुंदर होतं, पण तिथे जायला कोणीतरी आत घ्यावं लागायचं. यंत्र परदेशी, आयातीला परवाना, जकात भरमसाट. स्टुडिओ मोजके आणि तेही बहुतेक दक्षिण-मध्य मुंबईत. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. वसईच्या आगरात जे गाणं लग्नाच्या मांडवात गायलं जायचं त्याला त्या भिंतीत शिरायचं काही कारणच नव्हतं. ते विकलं जाणार नव्हतं आणि ते कोणी मागितलंही नव्हतं.

कन्सोल फोडणारे लोक

तिकडे इंग्लंड-अमेरिकेत प्रीॲम्प हा एका अवाढव्य मिक्सरचा भाग होता. या मिक्सरला कन्सोल म्हणत. जर्मन रेडिओसाठी बनलेले व्ही ७२ हे ट्यूबचे ॲम्प्लिफायर ३४ डेसिबल गेन देत. त्यांचीच ४० डेसिबलची आवृत्ती, व्ही ७२ एस, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या कन्सोलमध्ये होती. १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी माइकच्या तारेतूनच ४८ व्होल्ट वीज पाठवायची पद्धत बसवली. आकडा ४८ का? कारण त्या रेडिओच्या इमारतीत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती. आज प्रत्येक प्रीॲम्पवर ‘४८ व्ही’ लिहिलेलं बटण असतं ते नॉर्वेतल्या त्या दिव्यांमुळे.

१९७० मध्ये रूपर्ट नीव यांच्या कंपनीने लंडनच्या वेसेक्स स्टुडिओच्या कन्सोलसाठी १०७३ नावाचा मॉड्यूल बनवला. मॉड्यूल म्हणजे एका माइकचं सगळं सामान एका उभ्या पट्टीत. बिघडला तर ओढून काढा, दुसरा सरकवा. सोय दुरुस्तीची होती, पण त्या सोयीनेच पुढे कन्सोलचा जीव घेतला. नवे, संगणकाने चालणारे कन्सोल आले तसे जुने मोडीत निघू लागले. तेव्हा काही लोकांच्या लक्षात आलं की अख्खा कन्सोल ठेवायला जागा नाही आणि घ्यायला पैसे नाहीत, पण त्यातले दोन मॉड्यूल काढून १९ इंचांच्या पेटीत बसवले, त्यांना वीजपुरवठा जोडला, मागे माइकची सॉकेट लावली, तर तोच आवाज हातात येतो. कॅलिफोर्नियात ब्रेंट ॲव्हरिल यांनी याचा व्यवसायच केला. नीवचा १२७२ हा मॉड्यूल तर कन्सोलच्या पोटातला साधा लाइन ॲम्प्लिफायर होता. लोकांनी त्याला गेनचा स्विच आणि ४८ व्होल्ट जोडून माइक प्रीॲम्प केलं. ट्यूब फेकून देणाऱ्या रेडिओ केंद्रांच्या व्ही ७२ चंही असंच झालं.

माझ्या धंद्यात मोठं सॉफ्टवेअर फोडून लहान-लहान स्वतंत्र सेवा करायची लाट आली होती. ध्वनिवाल्यांनी ती आमच्या कितीतरी आधी केली, तीही हॅकसॉ आणि सोल्डरने.

याच फोडाफोडीतून एक ओळखीची वस्तू आली. १९८५ मध्ये जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओला आपल्या नीव कन्सोलसाठी जास्तीचे मॉड्यूल हवे होते. रूपर्ट नीव तेव्हा नव्या कंपनीत होते. त्यांनी ते बनवले. त्या कंपनीचं नाव फोकसराइट. पुढे ती बुडाली, १९८९ मध्ये दुसऱ्या हातात गेली आणि २०११ मध्ये तिने ‘स्कार्लेट’ ही लाल डबी काढली. आज नालासोपाऱ्यात रॅप करणाऱ्या पोराच्या टेबलावर जी असते ती. आतलं सर्किट १९८५ चं नाही, पण कंपनी तीच.

वसई पूर्वेचा गाळा

मग रॅक आणि मोडतोड आता कशाला? डबी पुरेशी नाही का? पुष्कळदा पुरते. पण हळू आवाज, साधा डायनॅमिक माइक आणि सत्तर डेसिबलची गरज एकत्र आली की स्वस्त डबीचा दम लागतो. आणि इथे एक चांगली बातमी आहे. चुळबुळ करणाऱ्या इलेक्ट्रॉनची ती जी खालची हद्द आहे, तिच्या एक-दोन डेसिबल जवळ पोचणाऱ्या चिप काही शे रुपयांत मिळतात. एकेकाळी एसएसएम २०१७ होती. ती बंद झाल्यावर तिच्याच पायांवर बसणाऱ्या आयएनए २१७ आणि दॅट १५१० आल्या. नीवच्या खऱ्या मॉड्यूलची किंमत मोटरसायकलच्या वर जाते. त्यात पैसा आहे तो ट्रान्सफॉर्मरचा, कारागिरीचा आणि त्या खास रंगाचा. निव्वळ शांतता त्याहून खूप स्वस्तात मिळते.

शांतता बिघडते ती पेटीत. घरगुती विजेची गुणगुण ५० हर्ट्झ, म्हणजे पियानोच्या अगदी खालच्या ‘जी’ सुराला जवळपास लागून. तिच्या पटी १००, १५० अशा वर चढत जातात. न बोलावता येऊन बसलेला तानपुराच तो. त्याला बाहेर ठेवणं म्हणजेच रॅक नीट बांधणं. आणि हे काम वसई पूर्वेला जितकं चांगलं होतं तितकं फार कमी ठिकाणी होत असेल. वालीव, सातिवली, गौराईपाडा, नवघर या पट्ट्यात गाळ्यांमागून गाळे आहेत. पत्रा कापणारे, वाकवणारे, भोकं पाडणारे, रंग देणारे, सगळे चालत जाता येईल इतक्या अंतरावर.

मी दोन चॅनलची एक यू पेटी तिथे करून घेतली. ड्रॉइंग बघून गाळ्यातले काका म्हणाले, “डीजेचं आहे का रे?”

“नाही काका, एकदम उलट. फार हळू आवाज टिपायचाय.”

“मग एवढा जाड पत्रा कशाला?”

प्रश्न बरोबर होता. विजेच्या ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. ते माइकच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरलं की गुणगुण येते. ॲल्युमिनियम ५० हर्ट्झचं हे क्षेत्र अडवत नाही, लोखंडी पत्रा बऱ्यापैकी अडवतो. त्याहून जास्त अडवतं ते अंतर. म्हणून जाणते लोक वीजपुरवठा वेगळ्या डब्यात, हातभर लांब ठेवतात. तो आतच ठेवायचा असेल तर गोल, टोरॉइड ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, हेडफोन कानाला लावून तो हळूहळू फिरवायचा आणि जिथे गुणगुण सर्वांत कमी होईल तिथे स्क्रू आवळायचा. काका हे ऐकून म्हणाले, “म्हणजे रेडिओचा एरियल फिरवायचो तसं.” अगदी तसंच.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. माइकच्या तीन पायांच्या सॉकेटमधला एक नंबरचा पाय तारेच्या जाळीला जोडलेला असतो. तो थेट पेटीच्या पत्र्याला लागला पाहिजे. कित्येक कारखानदार तो आतल्या सर्किट बोर्डाला जोडत, आणि बाहेरची सगळी घाण जाळीवरून सर्किटात शिरत असे. नील मन्सी या ध्वनितंत्रज्ञाने १९९५ मध्ये हा ‘एक नंबरच्या पायाचा’ प्रश्न नीट मांडला. पुढे २००५ मध्ये त्याबद्दलचं मानकही आलं. जुनी स्वस्त पेटी सुधारायची असेल तर महागडी चिप टाकण्याआधी हा एक पाय बघावा.

यात आपल्याकडची मेख पावडर कोटिंगची. तो रंग दिसायला सुरेख, गंजाला पक्का, आणि विजेला पूर्ण बंद. वर-खाली दोन्ही पत्रे रंगवून स्क्रू मारले तर पेटी दिसते एक, पण विजेच्या दृष्टीने ते दोन सुटे पत्रे असतात. जिथे पत्र्याला पत्रा टेकतो आणि जिथे सॉकेट बसतं, तिथे रंग देण्याआधी पट्टी चिकटवायला सांगावं लागतं. समुद्र इथून जवळ, त्यामुळे उघडा राहिलेला पत्रा पावसाळ्यात गंजतो. म्हणून तिथे स्टेनलेसचे स्क्रू आणि थोडं ग्रीस.

तिसरी गोष्ट परदेशातून आलेल्या पेट्यांची. वसईच्या कितीतरी घरांतलं कोणी आखातात नाहीतर अमेरिकेत असतं आणि येताना काहीतरी घेऊन येतं. अमेरिकेची पेटी १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपले हर्ट्झ ५० च राहतात. ६० साठी काटेकोर मोजून गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो आणि जास्त गुणगुणतो. आपला ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. तो आणि जुन्या, सुकलेल्या कपॅसिटरच्या जागी नवे, एवढ्या बदलांनी बरीच पेटी शांत होते.

कोणाचा आवाज

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कन्सोल फुटले तसे स्टुडिओही फुटले. एका खोलीत पन्नास-साठ वादक बसत, त्यात गोव्याचे व्हायोलिनवादक असत, ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली पोरं शिकत. ते सगळं संपलं, आणि त्याबरोबर अनेकांची रोजीरोटीही. आज मी आणि माझ्यासारखे बरेच जण बंद दाराआड एकेकटे बसतो. चूक सांगायला शेजारी मंगेश देसाई नसतात. महागडी पेटी घेऊन काहीच मुद्रित न करणारेही पुष्कळ आहेत. पेटीचा छंद आणि आवाजाचं काम यात फरक आहे.

काम कसं असतं त्याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या लाखाच्या वर भरल्या. संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल त्यांच्यात सामील झाले आणि त्यातल्या कित्येक बायकांचे आवाज टेपवर आले. २०१७ पासून ‘पारी’ त्या ओव्या लोकांसमोर आणते आहे. ओवी मुळात जात्याच्या घरघरीत, पहाटे, ऐकणारं कोणी नाही असं धरून गायलेली. तिला स्टेजचा आवाज नाही. ती टिपायला स्टुडिओची भिंत उपयोगाची नव्हती. यंत्रच उचलून तिच्या ओसरीवर न्यावं लागलं.

वसईत अशा ओसऱ्या अजून आहेत. सामवेदी कुपारी घरांतली कादोडी बोली, वाडवळांची वाडवळी, आगरातली लग्नगीतं. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि मोबाइलवर हिंदी असलेल्या माझ्या पिढीला त्यातलं निम्मं कळतं आणि फारच थोडं बोलता येतं. ज्यांना पूर्ण येतं त्या आज्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि आवाज हळू झाला आहे. त्यांना “मोठ्याने बोला” म्हटलं की त्या गाणं सोडून देतात, किंवा परक्यासमोर बोलायची प्रमाण मराठी सुरू करतात. म्हणून मोठं त्यांनी व्हायचं नाही. पेटीने व्हायचं.

शंभर वर्षांपूर्वी हे शक्यच नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी शक्य होतं, पण परवाना, पैसा आणि भिंत ज्यांच्याकडे होती त्यांनाच. आज काही हजार रुपये, वसई पूर्वेचा एक गाळा आणि दोन रविवार यात ते होतं. हे लक्षात आल्यावर आपण काय मुद्रित करतो, किंवा करत नाही, याला यंत्राचं कारण देता येत नाही.

पेटी कोणतीही असो, करायचं थोडंच आहे. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा तिरका. फ्रिजचा प्लग काढा. पंखा बंद करा, कारण सत्तर डेसिबलला पंखा म्हणजे वादळ. दुपारी दोन ते चार बोअरिंगचे पंप बंद असतात, ती वेळ चांगली. आजीला आधी विचारा, मुद्रण कशासाठी आहे ते तिच्या बोलीत सांगा, आणि झाल्यावर तिला हेडफोन लावून ऐकवा. स्वतःचा आवाज इतक्या जवळून ऐकून ती बहुतेक हसेल. तेवढ्यात रेकॉर्डिंग थांबवू नका, कारण खरं बोलणं पुष्कळदा त्यानंतर सुरू होतं.